शिडी धरणारी वहिनी

माझा दादा रंगारी. तो वर चढून भिंती रंगवायचा आणि वहिनी खाली शिडी धरायची. बारा वर्षं त्यांचा संसार असाच उभा होता, एक वर, एक खाली. वहिनीच्या बडबडीपुढे रेडिओने हात टेकावेत. पण गेल्या वर्षी दादा शिडीवरून पडला, त्याचा गुडघा कायमचा अधू झाला आणि तिची वाचाच बसली.

शिडी नवीकोरी, जेमतेम दोन महिन्यांची. म्हणून दादाने कंपनीविरुद्ध ग्राहक न्यायालयात तक्रार केली. कंपनी म्हणे, शिडीत खोट नाही, धरणाऱ्या बाईनेच हात सोडला. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी चारचौघांत म्हणत होते. घरात मात्र एकदा रागाच्या भरात मीच वहिनीला बोलले होते, "तुझं लक्ष कुठे होतं गं?" ती नुसती भांडी घासत राहिली.

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने तिला विचारलं, हात सोडला होता का? नाही म्हणाली असती तर कोण बघायला आलं होतं?

"सोडला होता एक हात," ती म्हणाली. "नाकावर रंग पडला, तो पुसायला. तेवढ्यात हे पडले."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. वकिलाचा चेहरा खुलला.

मग न्यायालयाने शिडी तपासायला पाठवली होती, त्या प्रयोगशाळेचे तपासनीस उभे राहिले. शिडी सरकलीच नव्हती, ते म्हणाले. दादाच्या पायाखालची पायरी निखळली होती. ती जोडणारे रिव्हेट, म्हणजे धातूचे खिळे, आखूड होते, शिडीच्या बाजूच्या पट्टीत नीट बसलेच नव्हते. त्याच खेपेच्या आणखी शिड्यांतही तीच खोट सापडली होती.

"खाली चार पहिलवान असते तरी पायरी निखळलीच असती," ते म्हणाले.

त्याच दुपारी निकाल लागला: दोष कारखान्याचा, भरपाई त्यांनीच द्यायची. बाहेर येताच मी वहिनीचे हात धरले. "चुकलं माझं," म्हटलं.

"वर्षभर हे पोटात ठेवलंस?" दादाने विचारलं.

"सांगितलं असतं, तर परत माझ्या भरवशावर चढला असता का तुम्ही?"

"गुडघा कुठे चढू देतोय आता?" दादा म्हणाला. "तू चढ. मी धरतो."

सोमवारी ती नव्या शिडीवर चढली, पार छतापर्यंत. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.