तीनदा धुतलेली सालं

"बादली उंबऱ्याबाहेर ठेव. आणि हात धुऊन ये. कोपरापर्यंत."

सरांनी हे मराठीत सांगितलं. मला नीट कळावं म्हणून. आत टेबलाशी दोघं मदतनीस होते, बी.एस्सी. झालेले. मी एम.एस्सी. त्यांना टेबल. मला बादली.

पहिल्या दिवशी असं नव्हतं. मी निपाणीकडची, धारवाडला शिकलेली. सर पुण्याचे. बंगळूरात मराठी बोलणारं माणूस मिळालं म्हणून ते खूश झाले, चहा मागवला. मग आडनाव विचारलं. मग म्हणाले, "गावात घर कुठल्या बाजूला?" मी खरं ते सांगितलं. त्यांचा चहा अर्धाच राहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात बादली आली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. राजाजीनगरच्या पलीकडे लहानशी खाजगी प्रयोगशाळा होती. शेजारच्या कँटीनात बीटची सालं टाकून देत. त्यांतून रंग आणि पोषक द्रव्यं काढायची, हे आमचं काम. तेही विषारी मेथॅनॉल न वापरता. पाणी, थोडं अल्कोहोल, चिमूटभर लिंबाचं आम्ल, बस. असल्या द्रावकांना 'हिरवं' म्हणायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. मला ते काम मनापासून आवडलं होतं. टाकून दिलेल्यातही काही असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण सालं यायची कँटीनच्या बादलीतून. वर ताटांतला भात, सांबार. म्हणून सरांचा नियम होता, मागच्या नळाखाली तीनदा धुवायची, मगच आत. धुणारी मी. मोरीतून लालभडक पाणी वाहायचं. जे आत पाण्यानं काढायचं, ते बाहेर पाण्यानंच चाललं होतं. न शिकलेल्यालाही दिसलं असतं. पण त्या मोरीशी माझ्याशिवाय कुणी येतच नव्हतं.

एकदा मी उंबऱ्यातूनच म्हणाले, "सर, धुताना रंग जाया लागलाय."

"खरकट्याची तुला सवय असेल. आम्हाला नाही."

त्या दोघांना मराठी येत नव्हतं. तरी हसले.

दुपारी ते तिघं आत जेवायचे. मी नळापाशी. खोलीवर गेलं तरी कुणी नाही. आठ-आठ दिवस माझं मराठी तोंडाबाहेर निघत नसे. जी भाषा ऐकायला जीव तुटायचा, ती फक्त सरांकडे होती, आणि सरांकडे माझ्यासाठी एवढंच होतं: बादली, नळ, कोपर. फार एकटं वाटायचं. आईला पत्रात मात्र लिहायची, साहेब आपल्यातलेच आहेत, मराठी.

रंगाचे आकडे कमीच येत राहिले. सर चिडले. "तू नीट धूत नाहीस. आजपासून मोजून तीनदा, चोळून."

त्या दिवशी मी कँटीनातल्या स्वयंपाकीण अक्काकडे गेले. मोडक्या कन्नडात म्हणाले, अक्का, उद्या बीट आधी धुवा, मग सोला, आणि सालं बादलीत न टाकता वेगळी द्या. "सरी," म्हणजे बरं, ती म्हणाली. का, कशाला, काही विचारलं नाही. सकाळी सालं तिनं स्वच्छ पातेल्यात दिली. माझ्या हाताला हात लावून दिली.

मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे असायची. कुणी यायच्या आधी मी पातेलं घेऊन उंबरा ओलांडला. सालं बारीक केली, द्रावकात भिजवली, गाळली. रंग मोजायच्या यंत्राचा काटा आजवर कधी गेला नव्हता तिथवर गेला. मी पुन्हा मोजलं. तेवढंच. नोंदवहीत लिहिलं. हसू येत होतं आणि सांगायला कुणी नव्हतं.

सर आले. काटा बघितला, वही बघितली. माझ्याकडे बघितलं नाही.

"इथं लिही, सालं तीनदा धुतली. आणि खाली माझं नाव. न धुतलेल्या खरकट्याचा रंग कोण खाईल?"

"खरकटं नव्हतंच ते, सर. बीट आधी धुतलं, मग सोललं. लिहीन ते एवढंच."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

मी पेन उचललं. 'सोलल्यावर सालं धुतली नाहीत.' खाली माझं नाव लिहिलं, आडनावासकट. "पान फाडू नका, सर. वहीला पानांचे आकडे आहेत."

त्या दोघांनी मान वर केली नाही. मी पुढच्या दारानं बाहेर पडले. त्या दारानं मी पहिल्या दिवशी आत आले होते, त्यानंतर आजच.

खोलीवर आले. तळहात, बोटं, नखं, सगळं बीटनं लाल. ताट वाढून घेतलं. इथं आल्यापासून जेवायच्या आधी कोपरापर्यंत हात घासायची सवय लागली होती. मी नळाकडे बघितलं आणि खाली बसले. त्याच लाल हातांनी भाकरी मोडली आणि पोटभर जेवले.

नोकरी गेली होती. दुसरी कुठं मिळेल माहीत नव्हतं. एक मात्र ठरलं. यापुढे घर कुठल्या बाजूला हे कुणी विचारायच्या आधी मी सांगणार. आणि कुणाच्या सांगण्यावरून हात धुणार नाही.