चारची घंटा आणि हरवलेली वही

तुमचे आजोबा गेले त्या दुपारी बैठकीत माणसं दाटीने बसली होती. बरोबर चारला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमधून शाळेची घंटा वाजली. वडनेरहून आलेल्या त्यांच्या बहिणीने, गंगूआक्कांनी, डोळ्यांवरचा पदर काढला.

"काऊन वाजून राह्यली वं हे?"

"चहाची आहे," मी म्हणाले, आणि सवयीने उठलेच...

बाळांनो, तुम्ही इतक्या लांब, म्हणून सगळं नीट सांगते. आजोबा गणिताचे मास्तर; निवृत्त झाल्यावर सी भाषा शिकले आणि पहिला प्रोग्राम लिहिला तो मला चहाची आठवण करून देणारा. त्याआधी चाळीस वर्षांत मी चहा एकदाही विसरले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

कोणत्याही वस्तूची कृती त्या वस्तूच्या अंगावरच लिहायची, ही त्यांची सवय. कुकरच्या दांड्याला चिठ्ठी: 'तीन शिट्ट्या'. पाण्याच्या मोटारीच्या बटणाखाली खडूने: 'आधी व्हॉल्व्ह'. सीमध्ये लिहिलेली फाईल तशीच चालत नाही; कमांड देऊन तिच्यापासून प्रोग्राम बांधावा लागतो. ती कमांडही ते फाईलच्याच पहिल्या ओळीत लिहीत. आधी दोन तिरप्या रेघा मारल्या की कॉम्प्युटर ती ओळ सोडून देतो, माणूस वाचतो.

मी मिशनच्या शाळेत शिकलेली. फाईलच्या डोक्यावरचा तो पसारा मला बघवेना. एकदा ते केळझरच्या गणपतीला गेले असताना मी सगळ्या कमांड सुवाच्य अक्षरात वहीत उतरवल्या, अनुक्रमणिका केली आणि फाईलींमधून पुसून टाकल्या.

"काऊन पुसलं वं? फाईल एकीकडे, वही एकीकडे!" परत आल्यावर ते म्हणाले.

"वही सुरक्षित आहे."

"तुवं सुरक्षित मले ठाऊक हाये. पेटीची चाबी दोन वर्सांपासून सुरक्षितच हाये!"

ते गेल्यावर महिन्याभरात कॉम्प्युटर बंद पडला. नालवाडीत कॉम्प्युटरचं दुकान चालवणारी पल्लवी नवं मशीन घेऊन आली. जुन्या फाईली शाबूत होत्या.

"आजी, जुना बांधलेला प्रोग्राम याच्यावर चालून नाई राह्यला. नवा बांधा लागते. पन सर तं वरच कमांड लिवत होते. कोनं पुसली?"

मी चष्मा पुसत बसले.

आठ दिवस वही शोधली. चारला घर इतकं गप्प असे की मी चहा खरोखरच विसरू लागले... शेवटी पल्लवीने फाईल खाली, अगदी खाली सरकवत नेली. पानभर कोरी जागा, मग दोन तिरप्या रेघा आणि कमांड. त्याखाली, तशाच रेघा मारून: 'वर लिहिलं तं तू पुसशीन. म्हनून अथी खाली लिहिलं. वही सापडली का?'

आम्ही दोघी हसत सुटलो. मग पल्लवीने माझ्यासाठी पाणी आणलं आणि त्या कमांडने प्रोग्राम बांधून दिला.

वही पुढे मिळाली, शालूच्या घडीत. ती तिथेच ठेवून कपाटाच्या दारावर आतून खडूने लिहिलं: 'वही शालूत'. नंतर फाईल उघडली. त्यांच्या प्रश्नाखाली आधी दोन तिरप्या रेघा मारल्या, नाहीतर पुढच्या वेळी प्रोग्राम बांधताना माझं उत्तर आड आलं असतं, आणि लिहिलं: 'सापडली.'

एवढ्यात चारची घंटा वाजली.