पाण्यात थांबलेली बंडी

विमानात मी उलटा बसायचो. ब्रिटिशांचं दोन माणसांचं बॉम्बफेकी विमान होतं ते. पुढे गोरा वैमानिक आणि त्याच्या पाठीकडे पाठ करून मागे मी, माझी मशिनगन घेऊन. आम्ही कुठे चाललोय ते मला कधी दिसलंच नाही. दिसायचं ते मागे पडलेलं. बॉम्ब टाकायला विमान सरळ खाली सूर मारायचं, तेव्हा तो जमिनीकडे तोंड करून पडायचा आणि मी आभाळाकडे. विमान पुन्हा वर उचललं की बॉम्ब कुठे पडला ते पाहून सांगायचं काम माझं. तो विचारायचा, लागला का? मी सांगायचो, लागला. कशाला लागला ते त्याने कधी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.

तामसीकडच्या कापूस-ज्वारीवाल्याचा मुलगा तिथे कसा पोचला, असं लोक विचारतात. आम्ही मोगलाईतले, म्हणजे निजामाची रयत. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, तो इंग्रजांचा मुलुख. तिकडे शिकायला होतो, मॅट्रिक झालो आणि घरी न सांगता भरती झालो. बाबांना पत्र मिळालं तेव्हा मी ब्रह्मदेशाच्या हद्दीवर होतो. देशबिश काही डोक्यात नव्हतं. अंगात मस्ती होती, बस्स.

तिथे दोन गोष्टी आमच्या डोक्यात ठोकून बसवल्या. एक, वरून हलणारी वस्तू दिसते, न हलणारी दिसत नाही. दुसरी, आभाळात विमान दिसलं की ते दिसेनासं होईपर्यंत त्याच्यावरून नजर काढायची नाही. पहिलीची खात्री मला एका नाल्यावर पटली. शत्रूची रसद बैलगाड्यांवरून जाते, असं आम्हाला सांगितलं होतं. नाल्यातून एक गाडी पळाली. पांढरे बैल वरून ठळक दिसत होते. मी गोळ्या झाडल्या. आधी बैल पडले. गाडीत शिपाई होते की कोणाचा संसार होता, मला आजही माहीत नाही. आम्ही परत फिरल्यावर मघाशी मला पाण्यातला खडक वाटला होता तो चालायला लागला. तीही बैलगाडीच होती. पाण्यात थांबून राहिली म्हणून वाचली. ती वाचली याचा मला इतका आनंद झाला की डोळ्यांतल्या पाण्याने तोंडावरचा मास्क आत ओला झाला.

लढाई संपली, घरी आलो, लग्न झालं, पाठोपाठ मुलगी झाली. गावात मला विमानवाला म्हणायचे. बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, बाजाराला जाताना मी सवयीने मागे पाय सोडून उलटाच बसायचो. बायको म्हणायची, ह्यांना बाजाराला न्यायचं तर बैलच उलटे जुंपा. ती हसली की मुलगीही हसायची, न कळता. दीडेक वर्षं मी माणसासारखा जगलो.

मग निजामाचं राज्य हिंदुस्थानात जाणार की नाही, यावरून सगळं पेटलं. पावसाळ्याच्या अखेरीस हिंदुस्थानची फौज शिरली अशी बातमी आली. कोण कुठल्या गावात घुसेल याचा नेम नव्हता. लोक बायकापोरं नदीपलीकडे पोचवायला लागले. माझ्या बायकोचं माहेर पलीकडच्या काठापासून कोसभर होतं. तिला आणि मुलीला तिथे सुखरूप पोचवायचं, एवढंच आमच्यापुढे होतं.

नदीला दोन दिवसांपूर्वी मोठा पूर येऊन गेला होता. बाबांनी उतारावर, जिथून बंड्या नदी ओलांडायच्या तिथे, काठी टाकून पाणी पाहिलं. मांडीभर होतं. ते म्हणाले, जाऊ, पण एका दमात निघावं लागेल. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाण्यात बंडी उभी केली की पाणी चाकाखालची रेती कोरून नेतं आणि चाक खाली बसत जातं. उताराच्या खालच्या अंगाला डोह होता. बाबा पुढे धुऱ्यावर बसले, बायको मुलीला घेऊन मध्ये आणि मी मागे, नेहमीसारखा उलटा.

नदीच्या मधोमध आलो तेव्हा विमानाचा आवाज आला. तो सगळ्यांच्या आधी मला कळला. डोकं चाललंच नाही, तोंड चाललं.

"थांबवा," मी ओरडलो.

बाबा मागे न वळता म्हणाले, "पान्यात बंडी थांबवत नसते, बापू."

"थांबवा म्हणतो ना. हाललो तर मरू."

तो माझा फौजेतला आवाज होता. घरात मी तो कधी काढला नव्हता. बाबांनी जन्मात पहिल्यांदा माझी आज्ञा मानली. त्यांनी कासरा ओढला आणि आमचे दोन्ही पांढरे बैल पाण्यात उभे राहिले.

मी बंडीत पाठीवर आडवा झालो आणि आभाळावर नजर लावली. हात आपोआप वर गेले होते, मशिनगनच्या मुठी धरल्यासारखे. विमान डोक्यावर आलं तेव्हाच मला कळलं की हे माल वाहायचं विमान आहे. त्याला बंदूक नाही, बॉम्ब नाही. तसली विमानं मी ब्रह्मदेशात रोज पाहिली होती. तेव्हा 'चला' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. माझी नजर त्याच्यावरून निघेना. बंडी खालच्या अंगाला कलत होती, ते माझ्या पाठीला कळत होतं. बैल फुरफुरत होते, बाबा काहीतरी म्हणत होते.

"अजून किती येळ?" बायकोने विचारलं.

मी म्हणालो, हलू नको. ती हलली नाही. मुलीला छातीशी धरून होती तशी बसून राहिली, मी सांगितलं म्हणून.

विमान ठिपक्याएवढं झालं आणि बंडी आडवी झाली. तिने मुलगी माझ्या हातात दिली की मीच ओढली, ते मला आठवत नाही. मी खूप वेळा आठवून पाहिलंय. मुलगी माझ्या हातात होती आणि बायको खालच्या अंगाला पाण्यात गेली होती. बाबांनी धुऱ्यावरून उडी घेतली. मला तिचं लुगडं दिसलं, एकदा हात दिसला. ती लांब जात लहान होत गेली आणि मग नुसतं पाणी राहिलं. मी तिच्याकडे तोंड करून उभा होतो आणि मुलीला वर धरण्यापलीकडे काहीही करू शकत नव्हतो. मला ओरडायचं होतं, आवाज फुटला नाही. मघाचा फौजेतला आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

बाबा बऱ्याच वेळाने काठाला लागले, रिकाम्या हातांनी. पलीकडून तिचा थोरला भाऊ धावत आला होता. तो काही रडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "बंडी कोणं थांबवली?"

"म्या," बाबा म्हणाले. "इमानाले भेलो."

चाळीस वर्षं त्या नदीतून बंड्या हाकलेला माणूस विमानाला भ्यालो असं म्हणाला. मी मुलीला घेऊन शेजारी उभा होतो. मी तोंड उघडलं नाही. खरं बोललो असतो तर त्यांनी मुलगी माझ्याकडून काढून घेतली असती, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ सांगितलं. ते खोटं आहे. मी भ्यालो.

ती तिसऱ्या दिवशी सापडली. तोवर लढाई जवळजवळ संपली होती. आमच्या गावात एक गोळीसुद्धा सुटली नव्हती.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. निजाम गेला, कचेरीतले साहेब बदलले, आणि काही वर्षांनी राज्यांच्या हद्दी नव्याने आखल्या. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, आम्ही आंध्रात. मध्ये तीच नदी. गावात बाबांना कोणी आपली बंडी हाकायला बोलवेना. मामांकडून ऐकून मुलीलाही सगळं 'माहीत' झालं होतं. बाबा तिच्यासाठी धोतराच्या सोग्यात बोरं आणायचे, ती तशीच टाकून द्यायची. त्यांच्याशी बोलायची नाही, आबाजी म्हणून हाकही मारायची नाही. मी ते रोज पाहायचो आणि जेवायचो, झोपायचो. मला माझी किळस यायची, पण किळस आली म्हणून तोंड उघडतं असं नाही.

शाळेत आता तेलुगू येणार असं झालं, तेव्हा मुलीला पलीकडे मामांकडे मराठी शाळेत ठेवायचं ठरलं. ती दहा वर्षांची होती. हिवाळा होता, उतारावर पाणी घोट्याच्या थोडं वर. बाबा म्हणाले, मी हाकतो. ती माझ्याशेजारी मागे बसली, माझ्यासारखीच पाय सोडून. ओच्यात झेंडूची फुलं होती, आईसाठी. मधोमध आल्यावर ती म्हणाली, थांबवा, मला फुलं सोडायचीत.

"पान्यात बंडी थांबवत नसते, बाई," बाबा म्हणाले. नऊ वर्षांपूर्वीचेच शब्द, तोच आवाज.

मुलगी त्यांच्या पाठीकडे वळली. इतक्या वर्षांत ती त्यांना पहिल्यांदा सरळ काही विचारत होती. "मंग तवा काऊन थांबवली?"

बाबांची मान थोडी खाली गेली. ते काय सांगणार ते मला माहीत होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

"त्यांनी नाही," मी म्हणालो. "मी थांबवायला लावली. आबाजी नाही म्हणत होते. विमान निरुपद्रवी आहे हे कळल्यावरही मी चला म्हटलं नाही. तुझी आई मी सांगितलं म्हणून हलली नाही."

बैल चालत होते. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग ओच्यातली फुलं चालत्या बंडीतूनच पाण्यात टाकली, हाताने दांडी धरून उठली आणि पुढे जाऊन बाबांच्या पाठीला टेकून बसली. बाबांनी एका हातात कासरा घेतला आणि दुसरा हात मागे करून तिला धरलं. मी मागे पाय सोडून बसलो होतो. फुलं डोहाकडे चालली होती. पलीकडचा काठ येईपर्यंत त्या दोघांपैकी कोणीही मागे वळून पाहिलं नाही.