बरोलो थेट बेसमेंटमध्ये

मैत्रिणींनो, वीस वर्षांपूर्वी इटलीतल्या एका नावाजलेल्या वायनरीत मी आणि हे एकाच ग्लासातून बरोलो चाखत बसलो होतो. यांना दुसरीच वाइन आवडली होती, पण मी हट्टाने बरोलोच्या चार बाटल्या घेतल्या. जितकी जुनी होईल तितकी खुलते म्हणून जपून ठेवल्या. आता हे नाहीत.

आज यांचा वाढदिवस, म्हणून इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकला, जिथे प्रत्येक जण घरून काहीतरी आणतो, मी एक बाटली नेली. यजमानांनी ती दारातच घेतली आणि नेहमीसारखी बेसमेंटमध्ये पुरुषांकडे पाठवली. मला किचनमध्ये मँगो लस्सी मिळाली.

मी खाली गेले तोवर बाटली रिकामी. कुणी आपल्या ग्लासातल्या बरोलोत बर्फ घातला होता, कुणी कोक.

"अरे काकू, तुम्ही घेता?" त्यांच्यातला एक जण म्हणाला. " आम्हाला वाटलं, काकांची आठवण म्हणून आमच्यासाठी आणलीत."

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली सगळी सभ्यता गोळा करून मी कोट उचलला आणि घरी आले. 

उरलेल्या तीन बाटल्यांचं इथेच लिहून ठेवते. एक लेकीला, तिच्या पन्नाशीला. एक सुनेला, तिला हवी तेव्हा. तिसरी मी उद्या दुपारी उघडणार आहे. ज्यांना बेसमेंटमध्ये कधी कुणी बोलावलं नाही, त्यांनी यावं.