पाठमोरी

माझ्या सासूबाईंची पाठ ठाकूरद्वारच्या एका हॉलमध्ये भिंतीवर लावली आहे. एकदा नाही, अकरा वेळा. मोठा अंबाडा, डावा खांदा जरासा खाली, आणि समोर कधी बंद दार, कधी गिरणीची चिमणी, कधी अर्धा सूर्य. जुन्या नाटकांची पोस्टरं आहेत ती. रंगवली माझ्या सासऱ्यांनी, राजाराम यांनी.

सासऱ्यांशी माझं लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून जमलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. माणसाला भारी तोरा. गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचे आणि गिरण्यांच्या नाट्यस्पर्धा लागल्या की पोस्टरं रंगवायचे. लालबागमधले चार म्हातारे अजून 'आर्टिस्ट' अशी हाक मारतात, की झालं, घरात दिवसभर कुणाची बोलायची सोय नाही.

त्या नाटकांत पुरुष सगळे गिरणीतलेच असायचे. बाईच्या कामाला मात्र नटी बाहेरून यायची, आणि ती प्रयोगाला दोन दिवस उरले तरी नक्की नसायची. पोस्टर महिनाभर आधी लागायचं. एकदा सासऱ्यांनी एका नटीचा चेहरा काढला आणि ऐन वेळी भलतीच आली, तेव्हा पब्लिकने हुर्यो उडवली. त्यानंतर त्यांनी बाई कायम पाठमोरी काढली. समोर उभं राहायला बायको होतीच. रविवारी जेवणं आटोपली की, "मालन, खिडकीकडे तोंड करून उभी रव." आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातलं काम टाकून तास-तास उभ्या राहायच्या. माझा नवरा वैभव पोटात होता, तेव्हा सातव्या महिन्यातही राहिल्या.

यंदा उन्मेष नावाच्या एका अभ्यासकाला ही पोस्टरं एका बंद छापखान्यात सापडली आणि त्याने प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला अर्धा तास बोलला. पाठमोरी स्त्री ही म्हणे समाजाने पुसलेली ओळख आहे, ती प्रेक्षकाला चेहरा नाकारते, हा तिचा प्रोटेस्ट आहे. लाल आणि काळ्या रंगाचाही त्याने खोल अर्थ लावला. छापखान्यात दोनच शाया होत्या, हे सासऱ्यांनी त्याला सांगितलं नाही. मान डोलवत बसले.

आई माझ्या शेजारी बसल्या होत्या, ठेवणीतली हिरवी साडी नेसून. येताना टॅक्सीत मला म्हणाल्या होत्या, "आज सांगतील ते, कोण ती." या बाईने आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला तरी आठवत नाही.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलंच, मॉडेल कोण होतं? सासऱ्यांनी माइक हातात घेतला. "कोण नाय. कल्पनेतली बाई."

टाळ्या पडल्या. आईंनी मांडीवरचे हात उचलले नाहीत. उठून तो माइक हिसकावून घ्यावा असं मला वाटलं, आणि घेतला नाही याचा मला अजून राग येतो.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "आईंचं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती का?"

"सुनेने मला आर्ट शिकवू नये," सासरे म्हणाले. "पाठीला काय नाव लावायचं?"

आई भाकरी थापत होत्या. हात थांबले नाहीत, पण त्यांनी ऐकलं.

पुढच्या रविवारी उन्मेष कॅमेरा घेऊन घरी आला. पूर्वी कसं काम चालायचं ते त्याला शूट करायचं होतं. सासऱ्यांनी बोर्ड लावला, ब्रश धुतला आणि हाक मारली, "मालन, उभी रव जरा."

आईंनी स्टूल ओढलं आणि खिडकीला पाठ करून, त्यांच्याकडे तोंड करून बसल्या. "तोंड काढा."

"आजी, आपल्याला पाठ हवी होती," उन्मेष म्हणाला. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

सासरे हसले. पण कॅमेरा चालू होता, मग काढायला लागले. केस झाले, कान झाले. वर बघायचे, पुसायचे, परत बघायचे. ज्या बाईच्या हातचं पन्नास वर्षं जेवले, तिचं नाक त्यांना सापडत नव्हतं. शेवटी वैतागून पुढे वाकले.

"ह्या भुवईवर काय आहे? कसली खूण?"

लहानपणी पडले होते, असंच आई मला आजवर सांगत आल्या होत्या.

"शिंक आली, म्हणून हलले," आई म्हणाल्या. "माफी मागायला वळले, तर तुमी लाल रंगाचा डबा फेकलेलात."

उन्मेषला कॅमेरा बंद करायचं सुचलं नाही. सासऱ्यांनी ब्रश खाली ठेवला.

"ठेवू नका," आई म्हणाल्या. "खुणेसकट काढा."