तानुबाईंचा पेंढ्याचा बकरा

शुक्रवार, १३ जानेवारी १९८९. धुळे. भोगी, थंडी फार. सकाळी तीळ भाजले. मग इतिहास मंडळाचे चिटणीस तोताराम सर यांच्याबरोबर एसटीने पिंपळनेरला तानुबाईंकडे गेले.

खानदेशात येऊन राहिलेल्या स्वीडिश लोकांच्या वस्तू आमचे मंडळ गोळा करत आहे. कॉफीचे कप मिळाले, फोटो मिळाले. राहिला होता बकरा. पिंपळनेरला दवाखाना चालवणाऱ्या एल्सामॅडम नाताळात पेंढ्याचा बकरा वळून लाल दोऱ्याने बांधत; त्यांच्या देशाची ती रीत. लहानपणी वडिलांबरोबर औषधाला गेले, तेव्हा मी तो टेबलावर पाहिला होता. खोलीभर कॉफीचा वास होता.

मॅडमच्या घरी वाढलेल्या तानुबाई त्यांच्यामागेही दरवर्षी बकरा करत आल्या. पण जुना एकही शिल्लक नाही. मॅडमच्या देशात नाताळ तेरा जानेवारीला संपतो. त्या दिवशी तानुबाई दोरा सोडून बकरा गाईला घालतात. चारा वाया घालवणे त्यांना पटत नाही.

यंदाच्या बकऱ्याचे एक शिंग वाकडे होते.

"हाऊ शेवटना," तानुबाई म्हणाल्या. "मन्हा हात आते चालतस नही."

"म्हणून तर मावशी, हा आम्हाला द्या," सर म्हणाले. "काचेच्या कपाटात जपून ठेवू."

"तो काय जवाई शे, बसाडी ठेवाले?"

सर हसले. "मग तुमच्यामागे लोकांना दाखवायचं काय?"

तानुबाई वाकड्या शिंगावरून बोट फिरवत राहिल्या. मलाही सरांचेच पटत होते. तेवढ्यात त्यांनी ओल्या पेंढ्याची जुडी माझ्या मांडीवर टाकली.

"अक्का, तुम्ही शिका."

त्या सांगत गेल्या, मी वळत गेले. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी शिकवलेले भरतकाम इथे काही उपयोगी पडले नाही. पाय लहानमोठे झाले.

"लंगडा शे," तानुबाई म्हणाल्या. "पन चाली."

निदान हा तरी मिळावा म्हणून सरांनी माझ्या बकऱ्याकडे हात पुढे केला. तानुबाईंनी दोरे सोडले आणि दोन्ही बकरे गाईपुढे टाकले. गाईने आधी माझा खाल्ला. आपल्या बकऱ्याचा लाल दोरा तानुबाईंनी माझ्या हातात दिला.

परतताना एसटीत सर साक्री गेल्यावर म्हणाले, "कपांशेजारची जागा मोकळीच ठेवू. नाताळात तुम्ही भरा."

संध्याकाळी गूळ किसला. लाल दोरा धुऊन, वाळवून शिवणाच्या डब्यात ठेवला.