एस्केपची कळ

तारापूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नमुने तपासते. तपासणी यंत्राला जोडलेला आमचा संगणक लिनक्सवर चालतो. पूर्वी तो सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सोडत जायचा. आतला कोणता भाग सापडला, कोणता नाही, सगळं सांगायचा. आमच्या साहेबांना ते दिसायला वाईट वाटे. "पाहुण्यांसमोर हे काय दळण?" म्हणत त्यांनी त्या ओळींवर कंपनीचं बोधचिन्ह आणि एक गरगरणारं चाक बसवून घेतलं.

एका सोमवारी ते चाक फिरतच राहिलं. अकरा वाजले तरी संगणक सुरू होईना. साहेब आधी व्हायरस म्हणाले, मग त्यांनी बोईसरहून जाणकार बोलावला. त्याने डबा न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गया, सर. नया लेना पड़ेगा." साहेबांनी इतक्या गंभीरपणे मान हलवली, जणू घरातलंच कोणी गेलं.

मी म्हटलं, "सर, आतल्या ओळी वाचून बघू का?"

"त्या इंग्रजीत असतात."

"वाचता येतं मला, सर."

एस्केप दाबल्याबरोबर बोधचिन्ह गेलं आणि ओळी दिसल्या. मदरबोर्ड ठणठणीत. मेमरी, आतली डिस्क, सगळं हजर. शेवटची ओळ मात्र अडून बसली होती: अहवाल साठवायच्या बाहेरच्या डिस्कची वाट बघतोय. मी मागे वाकून पाहिलं. केबल होती, डिस्क नव्हती.

"इथली काळी डबी कुणी पाहिली का?"

फरशी पुसणाऱ्या मावशी उभ्या राहिल्या. "ती होय? ती सायबांनीच नेली ना शनवारी. बॅगेत घालताना मी पायली."

साहेबांचा चेहरा उतरला. मुलाच्या साखरपुड्याचे व्हिडिओ त्यांना त्या डिस्कमध्ये भरून घ्यायचे होते. ती त्यांच्या गाडीतच निघाली. जोडली, आणि दोन मिनिटांत संगणक सुरू झाला. आमच्या अहवालांशेजारी आता नवरीकडची मंडळी हसत होती. "कनेक्शन ढीला था," म्हणून जाणकाराने काढता पाय घेतला.

मला वाटलं, साहेब निदान 'बरं झालं' एवढं तरी म्हणतील. संध्याकाळी मुख्य कार्यालयाला त्यांचं पत्र गेलं: भूकंपाच्या सौम्य धक्क्याने जोडणी सैल झाली होती, ती तातडीने दुरुस्त केली. आमच्याकडे धक्के बसतातच, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. पुढच्या बैठकीत साहेबांच्या तत्परतेचं कौतुक झालं. मी दुसऱ्या रांगेत होते. टाळ्या मीही वाजवल्या, चांगल्या जोरात. मावशींना त्या बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं.